डाग की दीर्घिका?

१८३५ सालची गोष्ट. जॉन हर्शेल हा खगोलशास्त्रज्ञ बायकामुलांसकट इंग्लंड सोडून दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केप टाऊनजवळ मुक्काम ठोकून होता. बापाने, म्हणजे विल्यम हर्शेलने, उत्तरेकडचं आकाश पिंजून काढलं होतं. उरलेलं दक्षिणेकडचं आकाश मुलाने संपवायला घेतलं. सोबत २० फूट लांबीची दुर्बीण, सुमारे १८ इंच व्यासाचा धातूचा आरसा. फॉरनॅक्स नावाच्या अगदीच फिक्या तारकासमूहात त्याला एक छोटासा गोल धूसर ठिपका दिसला. त्याने तो नोंदवहीत टिपला आणि तो पुढच्या ठिपक्याकडे वळला. आज त्या ठिपक्याला एनजीसी १०४९ म्हणतात.

गंमत अशी की हा ठिपका म्हणजे ताऱ्यांचा एक गोलाकार गुच्छ आहे आणि तो आपल्या आकाशगंगेचा नाहीच. तो फॉरनॅक्स नावाच्या एका बटू दीर्घिकेचा आहे. ही दीर्घिका आपल्यापासून साधारण ४ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि आकाशात ती चंद्रबिंबाएवढी तरी जागा व्यापते. हर्शेलच्या दुर्बिणीसमोर ती अख्खीच्या अख्खी पसरलेली होती. म्हणजे गाभाऱ्यातली समई दिसली, पण देऊळ दिसलं नाही. देऊळ दिसायला पुढे १०३ वर्षं लागली.

मला या सगळ्या इतिहासात हाच प्रश्न सगळ्यात भारी वाटतो. इतकी मोठी वस्तू, इतक्या जवळ (खगोलशास्त्राच्या हिशोबाने हं!), आणि इतक्या हुशार माणसाला दिसू नये? दुर्बीण लहान पडली असं म्हणावं, तर आज लोक घराच्या अंगणातून, त्याहून कितीतरी लहान दुर्बिणीने तिचे फोटो काढतात. मग अडलं कुठे?

अडलं ते पार्श्वभूमीपाशी. हे जरा आकडे घेऊन बघू, कारण पुढची सगळी गोष्ट या आकड्यांवर उभी आहे.

ताऱ्याची तेजस्विता 'प्रत' या मापात मोजतात, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. आकडा जितका मोठा तितका तारा मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात १०० पटींचा फरक. पण दीर्घिका म्हणजे ठिपका नाही, ती पसरलेली असते. म्हणून तिच्या बाबतीत 'एका चौरस आर्कसेकंदातून किती प्रकाश येतो' हे बघावं लागतं. चमचाभर तूप एका पोळीवर लावलं तर दिसतं, तेच वीस पोळ्यांवर लावलं तर घरचे विचारतात, तूप लावलंय का नक्की? तसंच हे.

आता मेख अशी की रात्रीचं आकाश पूर्ण काळं नसतंच. शहरापासून कितीही लांब गेलात, चंद्र नसला, तरी हवेची स्वतःची मंद चमक असते, सूर्यमालेतल्या धुळीवरून परतलेला प्रकाश असतो. पृथ्वीवरचं उत्तमातलं उत्तम काळं आकाशसुद्धा या मापात साधारण २२ प्रतीचं भरतं. मंद बटू दीर्घिका असते २५, २६, २६.५ प्रतीची. २६.५ आणि २२ मध्ये साडेचार प्रतींचा फरक, म्हणजे सुमारे ६३ पट. थोडक्यात, आकाशाच्या चमकेवर जेमतेम दीड टक्का भर पडते आणि ती भर म्हणजे तुमची दीर्घिका. पांढऱ्या भिंतीवर किंचित कमी पांढऱ्या रंगाचा पोचारा मारल्यासारखं.

आणि इथे मोठी दुर्बीण कामाला येत नाही. मोठा आरसा जास्त प्रकाश गोळा करतो हे खरं, पण तो दीर्घिकेचा जितका जास्त गोळा करतो तितकाच आकाशाचाही करतो. प्रमाण तेच राहतं, दीड टक्का. मोठ्या दुर्बिणीचा फायदा होतो तो दीर्घिकेतले तारे सुटे सुटे दाखवण्यात. नुसती धूसर चमक पकडायची असेल तर दोनच गोष्टी लागतात. एक म्हणजे वेळ आणि दुसरी म्हणजे पार्श्वभूमीचा चोख हिशोब. या विषयाचा सगळा इतिहास मला तरी या दोन गोष्टींचा इतिहास वाटतो.

तर १९३८ साल. हार्वर्डचा हार्लो शॅप्ली. हा तोच, ज्याने सूर्य आकाशगंगेच्या केंद्रात नसून बराच बाजूला आहे हे दाखवून दिलं होतं. हार्वर्डचं दक्षिणेकडचं केंद्र तेव्हा दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनजवळ होतं आणि तिथे ब्रूस नावाची २४ इंची फोटोग्राफिक दुर्बीण होती. ती काचेच्या प्लेटांवर दक्षिणेकडच्या दीर्घिकांची शिरगणती करत होती. त्यातल्या एका प्लेटवर, स्कल्प्टर तारकासमूहात, अतिशय मंद ठिपक्यांचा एक विरळ थवा दिसला. इतका विरळ की प्लेटचाच दोष वाटावा. फोटोच्या प्लेटांवर असले डाग पैशाला पासरी असायचे. रसायन नीट लागलं नाही, बोट लागलं, काचेत खोट निघाली, काहीही.

शॅप्लीपुढे सरळ प्रश्न होता: डाग की दीर्घिका? उत्तर मिळवायचा मार्गही सरळ होता. डाग असेल तर तो एकाच प्लेटवर असेल. खरी वस्तू असेल तर दुसऱ्या प्लेटवरही असणार. हार्वर्डकडे जुन्या प्लेटांचा प्रचंड साठा होता. त्यात धुंडाळता धुंडाळता एक १९०८ सालची प्लेट निघाली. तेव्हा हार्वर्डचं हे केंद्र पेरू देशात आरेक्विपाला होतं. प्लेट काढली होती अवघ्या एक इंच व्यासाच्या भिंगाने! पण एक्स्पोजर होतं अनेक रात्री मिळून सुमारे २३ तासांचं. आणि त्या प्लेटवर, बरोब्बर त्याच जागी, एक पुसट धूसर पट्टा होता.

एक इंच. आपल्या बायनॉक्युलरचं भिंगसुद्धा त्याहून मोठं असतं. २४ इंची दुर्बिणीने त्या दीर्घिकेतले सगळ्यात तेजस्वी तारे सुटे सुटे दाखवले आणि एक इंची भिंगाने सगळ्या ताऱ्यांची मिळून चमक दाखवली. मी वर जी कामाची वाटणी सांगितली ती हीच. स्कल्प्टर दीर्घिका तीस वर्षं कपाटात पडून होती, फक्त तिच्याकडे कोणी डाग सोडून दुसरं काही म्हणून बघितलं नव्हतं.

पाठोपाठ फॉरनॅक्स सापडली. मग माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून वॉल्टर बाडे आणि एडविन हबल यांनी दोन्हींची तपासणी केली. फॉरनॅक्समध्ये गोलाकार गुच्छ आहेत हे त्यांनी १९३९ मध्ये जाहीर केलं आणि हर्शेलच्या त्या ठिपक्याला अखेर घर मिळालं. शॅप्लीने या दोघींना 'नव्या प्रकारच्या तारासंस्था' म्हटलं होतं. सर्पिल हात नाहीत, मधला फुगवटा नाही, वायू नाही, नवे तारे नाहीत. नुसता जुन्या ताऱ्यांचा विरळ ढग.

त्यानंतरचा टप्पा पालोमारचा. कॅलिफोर्नियातल्या या वेधशाळेत ४८ इंची श्मिट दुर्बीण होती. श्मिट म्हणजे एका दमात आकाशाचा मोठा तुकडा टिपणारी दुर्बीण. १४ इंची चौकोनी काच आणि तिच्यावर साडेसहा अंशांचं आकाश, म्हणजे तेरा चंद्र ओळीने मावतील एवढं. १९४९ पासून तिने उत्तरेकडचं अख्खं आकाश टिपायला घेतलं. त्या प्लेटांवरून रॉबर्ट हॅरिंग्टन आणि अल्बर्ट विल्सन यांनी १९५० मध्ये सिंह राशीत दोन बटू दीर्घिका शोधल्या, लिओ एक आणि लिओ दोन. मग १९५५ पर्यंत ड्रॅको आणि अर्सा मायनर.

यातली लिओ एक फार मजेशीर आहे. सिंह राशीतला मघा तारा सगळ्यांना माहीत असेल, तिथली सगळ्यात ठळक चांदणी. लिओ एक मघेपासून फक्त १२ आर्कमिनिटांवर आहे, म्हणजे चंद्रबिंबाच्या अर्ध्या रुंदीपेक्षाही कमी अंतरावर. माणूस हजारो वर्षं त्या जागेकडे बघत आला, सतराव्या शतकापासून दुर्बिणीतून बघत आला आणि कुणाला काही दिसलं नाही. कारण मघेचा उजेड! दुर्बिणीच्या आत तो पसरतो आणि शेजारचं सगळं धुऊन टाकतो. लग्नात मांडवातल्या हॅलोजनशेजारी कुणी पणती लावली तर जे होईल ते. आज हीच दीर्घिका हौशी फोटोग्राफर लोकांची आवडती परीक्षा आहे. चार-पाच इंची दुर्बीण, काळं आकाश आणि काही तासांचं एक्स्पोजर असेल तर मघेच्या बाजूला एक दाणेदार पुसट लंबगोल उमटतो. सव्वाआठ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला.

पण मधल्या काळात हौशी लोकांना हे जमत नव्हतं आणि त्याचं कारण फिल्म. फिल्म जात्याच आळशी. भरपूर प्रकाश असेल तर इमानदारीत काम करते, पण प्रकाश थेंब-थेंब यायला लागला की तिची संवेदना घसरते. दहा पट वेळ दिला तरी दहा पट नोंद होत नाही. त्यावर लोकांनी जालीम उपाय शोधले होते. फिल्म किंवा प्लेट वापरायच्या आधी नायट्रोजन-हायड्रोजनच्या वातावरणात भाजायची! व्यावसायिक वेधशाळांत तर हे चालायचंच, पण १९८० च्या दशकात हौशी मंडळीसुद्धा घरी फिल्म अशी 'शिजवून' घ्यायची.

याच काळात ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन नावाचा अवलिया होता, मूळचा रसायनशास्त्रातला माणूस. त्याने १९७० च्या दशकाच्या शेवटी एक युक्ती काढली. प्लेटवरची अतिमंद नोंद इमल्शनच्या वरच्या थरात असते. ती विखुरलेल्या उजेडात, जास्त कॉन्ट्रास्टच्या फिल्मवर कॉपी केली, की न दिसणाऱ्या गोष्टी वर येतात. नवी दुर्बीण नाही, नवं एक्स्पोजर नाही, तीच जुनी प्लेट. फक्त पार्श्वभूमी नीट वजा करून वाचलेली. या युक्तीने त्याने साध्याभोळ्या दिसणाऱ्या लंबगोल दीर्घिकांभोवती ताऱ्यांची कवचं दाखवली. १९८६ मध्ये एक प्रचंड पण अतिमंद सर्पिल दीर्घिका सापडली, तिला त्याच्याच नावावरून 'मॅलिन १' म्हणतात. आज आपण फोटोशॉपात 'कर्व्ह्ज' ओढून जे करतो ते हा माणूस अंधाऱ्या खोलीत, हाताने, रसायनांत करत होता.

मग आले कॉम्प्युटर, आणि आमच्या जातीच्या लोकांना इथून पुढे जास्त मजा येईल. १९९० मध्ये सेक्स्टन्स ही बटू दीर्घिका सापडली ती डोळ्यांनी नव्हे, तर केंब्रिजमधल्या प्लेट मोजणाऱ्या यंत्राच्या आकडेवारीतून. १९९४ मध्ये धनु राशीतली दीर्घिका सापडली, ती तर ताऱ्यांच्या वेगांवरून. ती आपल्या आकाशगंगेच्या केंद्रापलीकडे दडलेली, त्यामुळे पुढच्या ताऱ्यांच्या गर्दीत कुणालाच दिसली नव्हती.

अशी १९९९ पर्यंत आपल्या आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या दीर्घिकांची बेरीज ११ झाली. मॅगेलनचे दोन ढग धरून. आणि त्याच वर्षी दोन शास्त्रज्ञगटांनी कॉम्प्युटरवर विश्व चालवून बघितलं आणि सांगितलं की कृष्णद्रव्याचा सिद्धांत बरोबर असेल तर अशी लहान पिल्लं शेकडोंनी असायला हवीत. ११ कुठे आणि शेकडो कुठे! म्हणजे एकतर सिद्धांतात गडबड आहे, किंवा ती पिल्लं ताऱ्यांविना नुसतीच अंधारात आहेत, किंवा आपल्याला मोजता येत नाही. अशा रीतीने पुसट डाग मोजणं हे एकदम विश्व कशाचं बनलंय याच्याशी जोडलं गेलं. हा काही आता छंदाचा मामला राहिला नव्हता.

उत्तराचा मोठा भाग स्लोन सर्व्हेने दिला. न्यू मेक्सिकोतली अडीच मीटरची दुर्बीण, डिजिटल नोंदी आणि सगळा डेटा एका सार्वजनिक डेटाबेसमध्ये. ज्याला एसक्यूएल येतं त्याने क्वेरी मारावी आणि तारे काढावेत, अशी चक्क सोय. २००५ पासून या डेटातून बटू दीर्घिका पटापट निघायला लागल्या. त्या फोटोत दिसतच नाहीत. ठरावीक रंगाचे आणि तेजाचे तारे वेगळे काढले, की एका जागी ते अपेक्षेपेक्षा थोडे जास्त भरतात, बस इतकंच. २०१५ मध्ये डार्क एनर्जी सर्व्हेच्या डेटातून दोन गटांनी आणखी आठ-नऊ काढल्या. आज एकूण आकडा साठच्या पुढे गेला आहे. सिद्धांत आणि मोजणी यांच्यातली दरी बरीच बुजली आहे, कारण लहान पिल्लांपैकी अनेकांना तारे बनवताच आले नसावेत, हेही आता पटतं.

इथे कुणालाही वाटेल की संपलं, आता अंगणातल्या दुर्बिणीवाल्याने चंद्र बघावा आणि गप्प बसावं. पण नेमकं उलटं झालं.

कारण क्वेरीची ही पद्धत चालते ती आपल्या शेजारीच, जिथे तारे सुटे दिसतात. दुसऱ्या दीर्घिकांभोवतीची पिल्लं शोधायची तर पुन्हा ती धूसर चमकच पकडावी लागते. आणि तिथे लागतो वेळ. मोठ्या दुर्बिणीवर शास्त्रज्ञाला वर्षाकाठी दोन-चार रात्री मिळाल्या तरी तो पेढे वाटतो. हौशी माणसाची दुर्बीण मात्र त्याच्या मालकीची. एकाच जागेवर पंधरा तास, वीस तास, चार महिने, कोण विचारणार? शिवाय तोपर्यंत फिल्म जाऊन सीसीडी आला होता. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मलेला हा सेन्सर (त्याच्या जनकांना २००९ चं नोबेल मिळालं) आळशी नाही. थेंब-थेंब प्रकाशसुद्धा तो इमानदारीत मोजतो.

आणि मोजलेलं असल्यामुळे त्याची बेरीज करता येते. एक वीस तासांचा फोटो काढायची गरज नाही, पाच-पाच मिनिटांचे २४० काढा आणि एकावर एक रचा. दीर्घिकेचा सिग्नल फोटोंच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो, नॉइज मात्र वर्गमुळाच्या प्रमाणात. चौपट फोटो काढले की चित्र दुप्पट स्वच्छ. दसपट स्वच्छ हवं तर शंभरपट फोटो. महागडा सौदा आहे, पण पैशांत नाही, रात्रींत.

२००८ मध्ये आर. जे गबानी या अमेरिकन हौशी फोटोग्राफरने अर्ध्या मीटरच्या दुर्बिणीने टिपलेला एनजीसी ५९०७ चा फोटो गाजला. त्या दीर्घिकेभोवती तिने गिळलेल्या एका बटू दीर्घिकेचे अवशेष, ताऱ्यांच्या लांबच लांब वेटोळ्यांच्या रूपात दिसत होते. डेव्हिड मार्टिनेझ-डेल्गाडो या स्पॅनिश शास्त्रज्ञाने अशा हौशी मंडळींना हाताशी धरून रीतसर मोहीमच चालवली. २०१६ मध्ये एनजीसी २५३ या दीर्घिकेजवळ एक फाटत चाललेली बटू दीर्घिका जाहीर झाली. ती सापडली लहान हौशी दुर्बिणींतून आणि तिच्यातले तारे सुटे करून दाखवले हवाईतल्या ८ मीटरच्या सुबारू दुर्बिणीने. पुन्हा तीच १९३८ ची वाटणी!

व्यावसायिकांनीही धडा घेतला. रॉबर्टो अब्राहम आणि पीटर वान डोक्कुम या दोघांनी तर दुर्बीण बांधायच्या भानगडीत न पडता कॅननच्या ४०० मिलिमीटरच्या बाजारात मिळणाऱ्या लेन्सेस एकत्र बांधल्या. मैदानात क्रिकेटचे फोटो काढायला वापरतात त्या. कारण त्या लेन्सचं कोटिंग इतकं चांगलं की उजेड आत विखुरत नाही. मघेची आठवण झाली ना? 'ड्रॅगनफ्लाय' नावाच्या या जुळणीने २०१५ मध्ये कोमा समूहात ४७ अतिविरळ दीर्घिका दाखवल्या. आधी तिथे मोठमोठ्या दुर्बिणी बघून गेल्या होत्या.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट ज्युझेप्पे डोनातिएल्लो या इटालियन हौशी निरीक्षकाची. त्याने २०१० आणि २०१३ मध्ये दक्षिण इटलीतल्या पोल्लिनो राष्ट्रीय उद्यानातून देवयानी दीर्घिकेच्या परिसराचे फोटो काढले होते. दुर्बीण १२७ मिलिमीटरची, म्हणजे पाच इंची. २०१६ मध्ये तो आपलेच जुने फोटो एकत्र करून पुन्हा बघत बसला आणि मिराक या ठळक ताऱ्यापासून साधारण एक अंशावर त्याला एक बारीकसा डाग दिसला. धूळ असेल, सेन्सरचा दोष असेल, ताऱ्याचं प्रतिबिंब असेल. लाख कारणं असू शकतात. त्याने तो पुसून टाकला नाही. कॅनरी बेटांवरच्या मोठ्या दुर्बिणी, त्यात १०.४ मीटरची ग्रान तेलेस्कोपिओ कानारिआस सुद्धा, तिकडे वळवल्या गेल्या आणि डागाचे तारे झाले. २०१८ मध्ये शोधनिबंध आला. दीर्घिकेचं नाव 'डोनातिएल्लो १', अंतर साधारण एक कोटी प्रकाशवर्षं, तेज २६.५ प्रत. वर मी ६३ पटींचं गणित केलं ना, तो आकडा हिचाच आहे.

शॅप्लीची प्लेट तीस वर्षं कपाटात होती, डोनातिएल्लोच्या फाइली काही वर्षं हार्ड डिस्कवर. फरक तेवढाच.

अर्थात प्रत्येक डाग दीर्घिका नसतो हेही तितकंच खरं, नाहीतर सगळ्यांनीच डोळे चोळत दीर्घिका जाहीर केल्या असत्या. दीड टक्क्याची चमक शोधायची तर आधी कॅमेऱ्याची स्वतःची चूक त्याहून बरीच कमी हवी. सेन्सर कडेला थोडा कमी प्रकाश पकडतो, काचेवर धुळीचे कण असतात. म्हणून एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो काढून त्याने भागाकार करायचा, ज्याला 'फ्लॅट' म्हणतात. त्यात एक टक्का चूक राहिली तरी ती दीर्घिकेएवढी दिसते! हे साधलं तरी आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचे पुसट ढग असतात, तेही हुबेहूब तसेच दिसतात. आणि दीर्घिका खरी निघाली तरी ती शेजारी दिसणाऱ्या मोठ्या दीर्घिकेचीच असेल असं नाही. ड्रॅगनफ्लायने २०१४ मध्ये एम १०१ जवळ सात सापडल्याचं सांगितलं, हबल दुर्बिणीने बघितल्यावर त्यातल्या तीनच तिथल्या निघाल्या, बाकीच्या चार फार मागे होत्या. टेस्टिंगवाल्या मित्रांना हे वेगळं सांगायला नको. बग एकदा दिसला म्हणजे दिसला नव्हे, तो पुन्हा करून दाखवता आला पाहिजे. शॅप्लीने दुसरी प्लेट शोधली ती याचसाठी.

आता जरा आपल्याकडे येऊ. या विषयात महाराष्ट्राला एक चांगला योग आहे. स्कल्प्टर आणि फॉरनॅक्स या पहिल्या दोन्ही दीर्घिका आकाशाच्या दक्षिण भागात आहेत. दक्षिण इटलीतून त्या क्षितिजाच्या जेमतेम १६ अंश वर येतात. पुण्यातून त्या ३७-३८ अंश वर येतात. अगदी आरामात. आणि मध्यरात्री त्या सगळ्यात उंच कधी असतात? ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पाऊस गेल्यावर. म्हणजे चंद्र नको म्हणून अमावस्या धरायची, तर फॉरनॅक्ससाठी वर्षातली सगळ्यात चांगली रात्र बहुतेक वेळा कुठली निघेल? दिवाळीतली लक्ष्मीपूजनाची! आता बोला. :)

विनोद सोडा, पण मुद्दा गंभीर आहे. शहराचं आकाश आज १८ प्रतीच्या आसपास असतं. २२ आणि १८ मधला फरक म्हणजे ४० पट. काळ्या आकाशाखाली एका तासात जे मिळतं त्याला शहरात ४० तास लागतात, तेही फ्लॅट वगैरे अगदी निर्दोष असतील तर. आणि २६.५ प्रतीची दीर्घिका १८ प्रतीच्या आकाशापेक्षा अडीच हजार पट फिकी. तिथे बेरीज-वजाबाकी करून भागत नाही. सेन्सर सुधारले, सॉफ्टवेअर फुकट झालं, दुर्बिणी स्वस्त झाल्या. एकच गोष्ट १९०८ मध्ये आरेक्विपाच्या त्या एक इंची भिंगाकडे होती आणि आज आपल्याकडे दिवसेंदिवस कमी होतेय. अंधार.

म्हणून मला जानेवारी २०२४ मधली एक बातमी फार मोठी वाटली होती. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, भारतातला पहिलाच. वाघांसाठी राखलेल्या जंगलात अंधारही राखला गेला. आसपासच्या गावांमधले दिवे त्यासाठी खाली वळवले, झाकले गेले. पेंचला फॉरनॅक्स ३४ अंशांवर येते. एक इंच नको, पण तीन-चार इंची दुर्बीण, साधा डीएसएलआर, आणि अमावस्येच्या आसपासच्या दोन-तीन रात्री, इतक्यावर हर्शेलला न दिसलेलं देऊळ बघता येईल.

जून २०२५ मध्ये चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रं आली. ८.४ मीटरचा आरसा आणि ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा. दहा वर्षं ती दक्षिणेकडचं आकाश पुन्हा पुन्हा टिपत राहणार. आता मात्र हौशींचं काम संपणार असं पुन्हा म्हटलं जाईल. मला तसं वाटत नाही. डोनातिएल्लोने नंतर काय केलं माहितीये? डार्क एनर्जी सर्व्हेच्या सार्वजनिक छायाचित्रांमध्ये बसून त्याने एनजीसी २५३ भोवतीच्या आणखी तीन बटू दीर्घिका शोधल्या, निव्वळ डोळ्यांनी. ज्या छायाचित्रांवरून अल्गोरिदम फिरून गेले होते त्याच छायाचित्रांमध्ये. वर्षानुवर्षं अंगणात बसून स्वतःच्या फोटोतली धूळ, सावल्या, प्रतिबिंबं ओळखता ओळखता त्याच्या नजरेला एक सवय लागली होती. डाग कसा दिसतो हे ज्याला पक्कं माहीत असतं, त्यालाच एखादा डाग डागासारखा दिसत नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे जुने आकाशाचे फोटो हार्ड डिस्कवर पडले असतील, त्यांनी जागा कमी पडतेय म्हणून ते डिलीट करू नयेत एवढीच विनंती. एकदा सगळे एकत्र रचून, कर्व्ह्ज जरा जास्त ओढून, कोपरे निरखून बघा. बहुतेक वेळा धूळच निघेल. निघू दे की.